वेब-पृष्ठरचनेचा पहिला धडा : आधीं पाया, मग रंग

आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांस अलीकडे वेब-पृष्ठें कशीं तयार करितात हें शिकण्याची इच्छा झालेली दिसते, ही मोठ्या आनंदाची गोष्ट होय. शाळा सुटल्यावर ते आमच्याकडे येतात व नाना प्रश्न विचारतात. मथळ्याचीं अक्षरें चमकतीं कशीं करावीं? पानाच्या मागें चित्र कसें घालावें? चित्रें आपोआप सरकतील अशी योजना कशी होते? त्यांचे पालकही विचारतात कीं, या विद्येस खर्च किती, संगणक कोणता घ्यावा, आणि हिचा पुढें उपयोग काय? हे प्रश्न योग्य आहेत. परंतु एक प्रश्न त्यांत सहसा आढळत नाहीं. तो असा कीं, आपलें पान वाचणार कोण, आणि त्यास तें वाचतां येईल काय? आमच्या मतें या विद्येचा आरंभ याच प्रश्नापासून झाला पाहिजे. रंग व नक्षी यांस यांत स्थान आहे, पण तें दुसरें आहे. पहिलें स्थान कशास आहे, हें या लेखांत क्रमाक्रमानें सांगण्याचा आमचा हेतु आहे.

या विद्येचा उगम

स्वित्झर्लंड देशांत जिनीव्हा शहराजवळ सर्न नांवाची भौतिकशास्त्राची मोठी संशोधनसंस्था आहे. तेथें अनेक देशांचे शास्त्रज्ञ येतात, कांहीं वर्षें काम करितात आणि पुन्हां स्वदेशीं जातात. त्यांचे संगणक निरनिराळ्या जातींचे असत. एकानें लिहिलेला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर उघडेलच अशी खात्री नसे. आणि माणूस निघून गेला म्हणजे त्याच्याबरोबर त्याची माहितीही हरवून जाई. या अडचणीवर उपाय म्हणून टिम बर्नर्स-ली या इंग्रज गृहस्थांनीं मार्च १९८९ मध्यें आपल्या वरिष्ठांपुढें एक योजना मांडली. १९९० च्या अखेरीस त्यांनीं पहिलीं पानें व तीं दाखविणारा ब्राउझर तयार केला, आणि ऑगस्ट १९९१ मध्यें बाहेरच्या जगास ती गोष्ट कळविली. पुढें ३० एप्रिल १९९३ रोजीं सर्न संस्थेनें ही सारी योजना कोणीही विनामूल्य वापरावी अशी मोकळीक दिली. आज आपण वेब-पृष्ठ लिहावयास बसतों तेव्हां कोणास परवाना मागावा लागत नाहीं कीं पैसा द्यावा लागत नाहीं, याचें मूळ त्या दिवसांत आहे.

आतां या योजनेंतील मर्माची गोष्ट पाहूं. ज्या भाषेंत हीं पानें लिहितात तिला एच्.टी.एम्.एल्. म्हणतात. तिच्या १९९१ सालच्या पहिल्या वर्णनांत अवघ्या अठरा खुणा होत्या. ‘हीं अक्षरें मोठीं करा’ किंवा ‘हीं तांबडीं करा’ असें सांगणें हें त्या खुणांचें काम नव्हे. ‘हा मथळा आहे’, ‘हा परिच्छेद आहे’, ‘ही यादी आहे’, ‘येथून दुसऱ्या पानाकडे जातां येतें’ असें त्या खुणा सांगतात. म्हणजे वस्तु कशी दिसावी हें न सांगतां वस्तु काय आहे हें त्या सांगतात. दिसण्याचा निर्णय वाचणाऱ्याच्या यंत्रावर सोपविलेला असतो; कारण तें यंत्र कसें असेल हें लिहिणारास ठाऊक नसतें.

या साधेपणाचें फळ काय झालें तें पाहावें. सर्न संस्थेनें २०१३ मध्यें त्या पहिल्या संकेतस्थळाची १९९२ सालची प्रत पुन्हां मूळ पत्त्यावर ठेविली. तींत चित्र नाहीं, रंग नाहीं. केवळ मथळे, मजकूर व दुवे आहेत. आजचा कोणताही ब्राउझर ती बिनतक्रार उघडतो. उलटपक्षीं, १९९६ नंतर फ्लॅश नांवाच्या साधनानें हलतीं, गातीं व नाचतीं पानें करण्याची मोठी लाट आली. तीं पाहून लोक थक्क होत. परंतु ३१ डिसेंबर २०२० रोजीं त्या साधनाचा आधार त्याच्या मालकांनींच काढून घेतला, आणि तीं सारीं शोभिवंत पानें साध्या ब्राउझरांत उघडेनाशीं झालीं. ज्यांत अर्थ मजबूत बांधला होता तें टिकलें. ज्यांत केवळ देखावा होता तें विझलें. नवशिक्यानें हा दाखला मनांत धरून पुढें जावें.

साहित्य व खर्च

पालकांच्या प्रश्नाचें उत्तर थोडक्यांत देतां येईल. या विद्येच्या आरंभास नवें कांहीं विकत घ्यावें लागत नाहीं. साधा मजकूर लिहिण्याचें नोटपॅडसारखें साधन आणि एक ब्राउझर एवढें पुरे. आणि हीं दोन्हीं जुन्यांतल्या जुन्या संगणकावरही असतात. घरीं संगणक नसल्यास मोबाइल फोनवरही मजकूर लिहून तो ब्राउझरांत उघडतां येतो, मात्र बोटांस थोडे कष्ट पडतात. इंटरनेटही प्रथम लागत नाहीं. स्वतःच्या यंत्रावर ठेविलेलें पान स्वतःस पाहतां येतें. तेव्हां महाग संगणक नाहीं म्हणून शिकणें अडलें, ही सबब आम्ही मान्य करीत नाहीं. जें लागतें तें म्हणजे शुद्ध लिहिण्याची संवय व चुका शोधण्याची चिकाटी. आणि या दोन्ही गोष्टी शाळेच्या वहींतच मिळतात.

पहिलें पान

एक उदाहरण घेऊं. शाळेच्या वार्षिक खेळांची सूचना आपणांस पान करून प्रसिद्ध करावयाची आहे असें समजा. लेखणी हातीं घेण्यापूर्वीं कागदावर लिहावें : कोणास सांगावयाचें? पालकांस. काय सांगावयाचें? दिवस, वेळ, जागा, खेळांचा क्रम, आणि मुलांनीं बरोबर काय आणावें. यांत अधिक महत्त्वाचें काय, त्याप्रमाणें क्रम लावावा. दिवस, वेळ व जागा सर्वांत आधीं यावींत. स्वागताचीं गोड वाक्यें मागाहून आलीं तरी चालेल.

मग खुणा. प्रत्येक खूण कोनी कंसांत लिहितात. वस्तूच्या आरंभीं एक खूण व शेवटीं तीच खूण तिरपी रेघ घालून, अशी बहुतेकांची जोडी असते. जणूं पेटीचें तळ व झांकण. पेटींत पेटी ठेवितां येते. परंतु आंतील पेटीचें झांकण आधीं लावून मग बाहेरच्या पेटीचें लावावें, हा नियम मोडूं नये. नवशिक्यांच्या चुका तपासतांना असें आढळतें कीं, त्यांतील पुष्कळ या झांकणाच्याच असतात.

पहिल्या ओळींत हा मजकूर एच्.टी.एम्.एल्. जातीचा आहे अशी घोषणा करावी. नंतर सर्वांत बाहेरची पेटी उघडावी व तिच्या खुणेंतच भाषा सांगावी. मराठीसाठीं ‘एम्’ व ‘आर्’ हीं दोन इंग्रजी अक्षरें ठरलेलीं आहेत. हें दोन अक्षरांचें काम पुष्कळजण गाळतात, परंतु त्याचा उपयोग मोठा आहे. पान मोठ्यानें वाचून दाखविणाऱ्या यंत्रास मराठीचा आवाज निवडावा हें त्यावरून कळतें. आणि कांहीं टंकांत ‘ल’ व ‘श’ यांचीं हिंदी वळणें व मराठी वळणें अशीं दोन्हीं असतात, त्यांतील मराठी वळण ब्राउझर या सूचनेवरून निवडतो. आपल्या भाषेचें नांव सांगण्यास आळस करूं नये.

या पेटीच्या आंत दोन भाग : डोकें व धड. डोक्यांत वाचकास न दिसणाऱ्या सूचना असतात. अक्षरें यू.टी.एफ्.-८ या पद्धतीनें लिहिलीं आहेत ही एक. पान मोबाइलच्या रुंदीस जुळवून दाखवावें ही व्ह्यूपोर्ट नांवाची दुसरी. आणि पानाचें नांव ही तिसरी. नांव ‘पान एक’ असें नसावें. ‘वार्षिक खेळांची सूचना’ असें पुरतें असावें, कारण शोध घेणाऱ्यास प्रथम तेंच दिसतें.

धडांत प्रत्यक्ष मजकूर येतो. मुख्य मथळ्यास ‘एच्’ अक्षर व एकचा आंकडा ही खूण. त्याखालील पोटमथळ्यांस दोनचा आंकडा. त्यांच्याही पोटांत मथळे असल्यास तीनचा. अशा सहा पायऱ्या आहेत. परिच्छेदास ‘पी’ अक्षराची खूण. मुलांनीं काय आणावें ही यादी. तिला यादीची खूण. खेळ क्रमानें व्हावयाचे, म्हणून त्यांस क्रमांकांच्या यादीची खूण. वेळापत्रकास कोष्टक. चित्र असल्यास चित्राची खूण व तींत चित्राचें शब्दांत वर्णन. दुसऱ्या पानाकडे जाणारा दुवा असल्यास त्याचे शब्द अर्थपूर्ण असावेत. ‘येथें दाबा’ असें लिहूं नये, ‘नांव नोंदविण्याचा अर्ज’ असें लिहावें. ‘येथें’ म्हणजे कोठें, हें न पाहणाऱ्यास कसें कळावें?

मथळा म्हणजे मोठीं अक्षरें नव्हेत

आतां आम्ही अशी कल्पना करितों कीं, दोन विद्यार्थ्यांनीं हीच सूचना तयार केली. एकानें मथळ्यास मथळ्याची खूण दिली. दुसऱ्यानें साध्या परिच्छेदांतील अक्षरें मोठीं व ठळक केलीं. डोळ्यांस दोन्हीं पानें सारखींच दिसतात. परीक्षक घाईंत असला तर दोघांस सारखे गुणही देईल. मग फरक कोठें?

फरक अंध पालकापाशीं आहे. ज्यांस दिसत नाहीं असे लोकही संगणक व फोन वापरतात. पडद्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखविणारीं साधनें आहेत; त्यांपैकीं एन्.व्ही.डी.ए. नांवाचें एक, ऑस्ट्रेलियांतील एका अंध तरुणानें २००६ मध्यें सुरू केलेलें, विनामूल्य मिळतें. आपण डोळस माणसें पान उघडतांच नजर फिरवून हवा तो मथळा शोधतों. अंध मनुष्य तेंच काम कानानें करितो : ‘एच्’ अक्षराची कळ दाबतो, कीं यंत्र पुढील मथळ्यावर उडी मारून तो वाचतें. पहिल्या विद्यार्थ्याच्या पानांत तो दोन उड्यांत वेळापत्रकापाशीं पोंचतो. दुसऱ्याच्या पानांत मथळाच नाहीं. यंत्र तसें सांगतें, आणि त्या बापास आपल्या मुलाची शर्यत किती वाजतां आहे एवढें कळण्यासाठीं सारें पान अथपासून इतिपर्यंत ऐकावें लागतें.

याहूनही वाईट प्रकार आज सर्रास दृष्टीस पडतो. सूचना सुबक टाइप करून, भोंवतीं फुलांची चौकट घालून, तिचें चित्र बनवितात व तें चित्रच पानावर डकवितात. शब्दांत वर्णन न दिल्यास त्या चित्रांतील एक अक्षरही यंत्र वाचून दाखवील याची शाश्वती नसते. वृद्ध आजोबांनीं तें मोठें केलें तर अक्षरें पुसट होतात व ओळी पडद्याबाहेर जातात. ज्यानें सुशोभित चित्र केलें त्याचा हेतु वाईट नसतो. परंतु त्यानें दारास सुंदर तोरण बांधून दार मात्र आंतून लावून घेतलें, असें म्हणावें लागतें.

मराठीनें भोगलेला एक धडा

‘दिसणें’ व ‘असणें’ यांतील हा भेद आपल्या भाषेस एकदां फार महाग पडला आहे. संगणकावर मराठी प्रथम आली तेव्हां अनेक टंकांत अशी युक्ति होती कीं, यंत्राच्या पोटांत इंग्रजी अक्षरांच्याच जागा ठेवून त्यांस केवळ देवनागरी मुखवटा चढवावयाचा. पडद्यावर ‘क’ दिसे, परंतु यंत्र त्यास भलतेंच इंग्रजी अक्षर समजे. त्यांतही प्रत्येक टंकाची मांडणी निराळी. ज्याच्याजवळ तोच टंक नसे त्यास ओळखूं न येणाऱ्या चिन्हांची रांग दिसे. अशा टंकांत लिहिलेले लेख, स्मरणिका व पत्रव्यवहार यांपैकीं पुष्कळांचा आज शोध घेतां येत नाहीं; विशेष साधनानें रूपांतर करावें तेव्हां तें मराठी होतें.

यावर उपाय म्हणजे युनिकोड. ऑक्टोबर १९९१ मध्यें त्याची पहिली आवृत्ति निघाली व तींतच देवनागरीस जागा मिळाली. त्यांत प्रत्येक अक्षरास जगभर एकच क्रमांक आहे. ‘क’चा क्रमांक २३२५, ‘ख’चा २३२६; आणि आपल्या लाडक्या ‘ळ’चा २३५५. टंक कोणताही असो, यंत्र कोणत्याही देशाचें असो, २३५५ म्हणजे ‘ळ’च. या क्रमांकांची सांठवण करण्याची जी रीत तीच वर सांगितलेली यू.टी.एफ्.-८. मुखवटा बदलला तरी अक्षराची ओळख बदलत नाहीं. यासाठीं विद्यार्थ्यांस आमचें आग्रहाचें सांगणें आहे कीं, मराठी मजकूर नेहमीं युनिकोडांतच लिहावा. आज तुम्हीं लिहिलेली आजीची ओवी किंवा गांवाची हकीकत पन्नास वर्षांनीं कोणास सांपडावी असें वाटत असेल, तर तिचा पाया असा असला पाहिजे.

आतां वेष

पाया झाल्यावर वेषाकडे वळण्यास हरकत नाहीं. वेषाचे नियम लिहिण्याची भाषा निराळी, तिला सी.एस्.एस्. म्हणतात. हाकोन व्हियुम ली या नॉर्वेच्या गृहस्थांनीं सर्न येथें असतांना ऑक्टोबर १९९४ मध्यें ही कल्पना मांडली. हॉलंडचे बर्ट बोस त्यांस येऊन मिळाले. आणि डिसेंबर १९९६ मध्यें तिचें पहिलें प्रमाणरूप ठरलें. अर्थ एका ठिकाणीं व वेष दुसऱ्या ठिकाणीं ठेवावा, हें तिचें तत्त्व. नियमाचे तीन भाग असतात : कोणाचा, कोणता गुण, व किती. उदाहरणार्थ, ‘सर्व पोटमथळ्यांचा, रंग, गडद निळा’. शंभर पानांस एकच नियमपत्रिका जोडिली असली व तींत निळ्याचा हिरवा केला, तर शंभर पानांचे मथळे एका क्षणांत हिरवे होतात. मात्र हें केव्हां? मथळ्यांस मथळ्याची खूण दिली असेल तेव्हांच. ज्यानें पाया घातला नाहीं त्यास शंभर पानें हातानें रंगवीत बसावें लागतें.

मराठी पानास कांहीं विशेष नियम उपयोगी पडतात. आपल्या अक्षरांस वर वेलांट्या व अनुस्वार, खालीं उकार व जोडाक्षरें असतात. म्हणून ओळींमधील अंतर इंग्रजीहून अधिक, म्हणजे अक्षराच्या आकाराच्या सुमारें दीडपट ते पावणेदोनपट ठेवावें. अक्षराअक्षरांमधील अंतर वाढविण्याचा नियम इंग्रजीस शोभतो. मराठीस लाविला तर शिरोरेषा तुटून शब्दाचे तुकडे दिसतात. टंक घ्यावयाचा तर मुंबईच्या एक टाइप या मंडळीनें केलेला ‘मुक्ता’, किंवा गूगलचा ‘नोटो’ देवनागरी, असे चांगले टंक विनामूल्य मिळतात. एका पानास दोन टंक पुष्कळ झाले.

रंगाविषयीं एक मोजमाप ध्यानांत ठेवावें. डिसेंबर २००८ मध्यें ठरलेल्या सर्वसुलभतेच्या नियमांप्रमाणें साध्या मजकुराचा रंग व त्यामागील रंग यांतील उजेडाचें प्रमाण निदान साडेचारास एक असावें. पांढऱ्यावर काळें हें प्रमाण एकवीसास एक भरतें. पांढऱ्यावर फिकट करडीं अक्षरें पुष्कळांस नाजूक वाटतात, परंतु तीं बहुधा या मापास उतरत नाहींत. उन्हांत उभ्या असलेल्या माणसास किंवा मोतीबिंदु झालेल्या आजीस तीं दिसत नाहींत. तसेंच, केवळ रंगानें अर्थ सांगूं नये. ‘तांबड्या अक्षरांतील खेळ रद्द’ असें लिहिल्यास, तांबडा व हिरवा यांतील भेद ज्यांस जन्मतःच कळत नाहीं त्यांनीं काय करावें? ‘रद्द’ हा शब्द तेथेंच लिहावा.

चित्राचें वजन

आपलें पान बहुतेक लोक मोबाइलवर, आणि पुष्कळदां मंद इंटरनेटवर उघडणार. येथें थोडें गणित करूं. फोननें काढिलेलें एक छायाचित्र चार मेगाबाइटांचें आहे. एका बाइटांत आठ बिट. म्हणजे बत्तीस मेगाबिट झाले. सेकंदास एक मेगाबिट या वेगानें तें एक चित्र येण्यास बत्तीस सेकंद लागतील. तेंच चित्र चार हजार बिंदू रुंदीचें होतें, तें आठशें बिंदू रुंदीचें केलें, तर रुंदी पांचवा हिस्सा व उंचीही पांचवा हिस्सा झाल्यामुळें बिंदूंची संख्या पंचविसावा हिस्सा होते. वजन दोनशें किलोबाइटांच्या आंत सहज येतें, आणि तितकें वजन दोन सेकंदांच्या आंत पोंचतें. फोनवर दोहोंत फरक फारसा दिसत नाहीं. ज्या बाईनें थोडेसेच पैसे घालून फोन चालू ठेविला आहे, तिचे पैसे आपल्या हौसेच्या चित्रानें खर्चूं नयेत. ही शिष्टाचाराचीच गोष्ट आहे; पाहुण्याच्या खिशांतून आपली रोषणाई करणें कोणासही शोभत नाहीं.

यंत्राकडून करून घेतलेलें पान

कोणी विचारील कीं, आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रास दोन वाक्यांत सांगितलें तर तें क्षणांत पान करून देतें. मग हें सारें शिकावें कशास? प्रश्न रास्त आहे. आम्ही त्या यंत्रांचा निषेध करीत नाहीं. परंतु ज्यास हिशेब येत नाहीं त्यानें मुनीम ठेविला, तर मुनीम चोख आहे कीं नाहीं हें त्यास कसें समजणार? यंत्रानें दिलेल्या पानांत मथळ्यास मथळ्याची खूण आहे काय, चित्राचें वर्णन खरें आहे काय, भाषा मराठी म्हणून सांगितली आहे काय, हें तपासणारा डोळा शिकल्यावांचून येत नाहीं. म्हणून पहिलीं दहा पानें स्वतःच्या हातानें लिहावींत. मग मदत घ्यावी.

अभ्यासाची रीत

आमची सूचना अशी आहे. पहिल्या आठवड्यांत मथळे, परिच्छेद व यादी एवढ्यांवर एक पान लिहावें, आणि त्यांत रंगाचा एकही नियम घालूं नये. दुसऱ्या आठवड्यांत दुवे, चित्र व कोष्टक घालावें. तिसऱ्या आठवड्यांत नियमपत्रिका जोडावी व तींत पांचांहून अधिक नियम लिहूं नयेत. चौथ्या आठवड्यांत परीक्षा घ्यावी. वेबचीं प्रमाणें ठरविणारी जी डब्ल्यू-थ्री-सी नांवाची संस्था १९९४ मध्यें स्थापन झाली, तिची पान तपासण्याची सोय विनामूल्य आहे. कोणत्या ओळींत झांकण राहिलें तें ती दाखविते. त्यानंतर नियमपत्रिका काढून पान उघडावें. वेष उतरल्यावरही मजकूर क्रमानें व अर्थासह वाचतां आला, तर पाया ठीक आहे असें समजावें. शेवटीं घरांतील ज्या माणसास डोळ्यांनीं सर्वांत कमी दिसतें त्याच्या हातीं फोन द्यावा, व कांहीं न बोलतां पाहत राहावें. ही परीक्षा कोणत्याही यंत्राच्या परीक्षेहून कडक आहे.

विषय जवळचा निवडावा : गांवची विहीर, आजीच्या हातचें लोणचें, वाडीची जुनी शाळा, परसांतील पक्षी. परंतु पान जगापुढें ठेवण्यापूर्वीं पालकांस दाखवावें. घराचा पत्ता, फोन नंबर, जन्मतारीख त्यावर नसावी. दुसऱ्याचें छायाचित्र त्याच्या परवानगीवांचून घालूं नये. आणि दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून छापूं नये. पालकांनींही मुलाचें पान पाहतांना ‘किती रंगीत झालें!’ एवढेंच न म्हणतां, ‘हें तूं कोणासाठीं लिहिलेंस?’ असें विचारावें.

पुढें उपयोग काय, या प्रश्नाचेंही उत्तर यांतच आहे. या विद्येवर चरितार्थ चालविणारे लोक पुष्कळ आहेत, आणि आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं त्यांत जातील. परंतु जे जाणार नाहींत त्यांसही अर्थाचा क्रम लावणें, न पाहिलेल्या वाचकाचा विचार करणें व आपलीच चूक शांतपणें शोधणें हे तीन गुण जन्मभर पुरतील.

आपल्या भाषेच्या छपाईच्या इतिहासांत लहान आरंभाचा एक सुंदर दाखला आहे. मुंबईंतील अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत जावजी दादाजी नांवाचा एक गरीब मुलगा टाइप घासण्याच्या हलक्या कामावर लागला. एकेक खिळा घासतां घासतां त्याची अक्षराशीं ओळख झाली. आणि १८६९ मध्यें त्यानेंच निर्णयसागर छापखाना काढिला, ज्याचे सुबक देवनागरी टाइप देशभर नांवाजले गेले. शोभा शेवटीं आली, आणि ती आली ती खिळ्याच्या ओळखींतून आली. आजच्या विद्यार्थ्यापुढें शिशाचे खिळे नाहींत, कोनी कंसांतील खुणा आहेत. त्या खिळ्यांइतक्याच क्षुल्लक दिसतात व तितक्याच महत्त्वाच्या आहेत.

शुभवर्तमानांत दोन घर बांधणारांचा दृष्टांत आहे, तो आमच्या सर्व विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. एकानें खडकावर पाया घातला, दुसऱ्यानें वाळूवर. ऊन असतांना दोन्हीं घरें सारखींच दिसलीं असतील; फरक पाऊस आल्यावर कळला. वेब-पृष्ठासही पाऊस येतो : जुना फोन, मंद वेग, अधू डोळे, बदललेला काळ. तेव्हां जें पान उभें राहील तेंच खरें पान होय. विद्यार्थिमित्रहो, असें एक लहान पान या वर्षीं प्रत्येकानें करावें, आणि तें ज्यास सर्वांत कठीण जाईल त्यास आधीं वाचावयास द्यावें, इतकें सांगून हा लेख पुरा करितों.